एकवीस हजार सहाशे एकोणीस

१

दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या अरुंद खोलीत तो बावीस वर्षं लोकांचे दात करत बसला होता. खालच्या डॉक्टरीणबाई मापं घेऊन वर पाठवायच्या. हा त्यावरून प्लास्टरचे साचे ओतायचा, मेणावर एकेक दात बसवायचा, आणि पंधरवड्यात कुणाचं तरी बोळकं पुन्हा हसायला लागायचं. त्याला सगळे कवळीमामा म्हणत. खरं तर तो एकाच मुलीचा मामा, पण ते नाव जिन्यावरून खाली घरंगळलं आणि साऱ्या दवाखान्याचं झालं.

टेबलावर डाव्या हाताशी त्याचा प्लेअर असायचा. नुसती गाणी वाजवणारा, तळहाताएवढा, हातात घेतला की वजन जाणवेल असा. आत भलीमोठी डिस्क होती आणि तिच्यात त्याचा उभा जन्म भरलेला होता. वडिलांच्या कॅसेट, स्वतः हौसेने जमवलेल्या सीड्या, मित्रांकडून उतरवून घेतलेली जुनी ध्वनिमुद्रणं, सगळं त्याने रात्री जागून, रविवार खर्ची घालून आत घातलं होतं.

"मामा, आता फोनमध्ये सगळं मिळतं," डॉक्टरीणबाई चिडवायच्या. "हा ठोकळा कुठवर सांभाळणार?"

"सगळं मिळतं हीच तर पंचाईत आहे, बाई," तो म्हणायचा.

त्याच्यापाशी उत्तरं तयार असायची. ह्याला नेट लागत नाही. ह्याची बटणं प्लास्टरने माखलेल्या अंगठ्यालाही न बघता सापडतात. मधेच कुणी साबण विकायला येत नाही. पुढचं गाणं कोणतं ते मी ठरवतो, यंत्र नाही. आणि मुख्य म्हणजे अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकता येतो. ह्या शेवटच्या बाबतीत तो भलताच कर्मठ होता. मेणावर वरचे दात बसवायला एक अल्बम, खालचे बसवायला दुसरा, घासूनपुसून चकाकी आणायला तिसरा, असा त्याचा हिशेब. लावलेला अल्बम त्याने कधी अर्ध्यावर बंद केला नव्हता. आणखी एक उत्तर पूर्वी तो सगळ्यांत आधी द्यायचा, "ह्याच्यावर कुणाचा फोन येत नाही." ते आठ महिन्यांपासून त्याने सोडून दिलं होतं.

दर महिन्याच्या एक तारखेला तो नवी गाणी भरायचा आणि एकूण आकडा खिडकीशेजारच्या भिंतीवर पेन्सिलने लिहायचा. ह्या महिन्याचा आकडा होता एकवीस हजार सहाशे आठ.

नऊ तारखेला सकाळी त्याने प्लेअर चालू केला, तर पडद्यावर दिसलं : एकवीस हजार सहाशे नऊ.

त्याने आधी भिंतीकडे पाहिलं, मग चष्मा पुसला. मग यादी पार तळाशी नेली. शेवटी एक ओळ होती, नाव नसलेली. लांबी अडतीस सेकंद.

त्याने ती वाजवली. आधी काहीच नव्हतं. म्हणजे गाणं नव्हतं, पण कुठली तरी खोली होती. बंद खोलीत कान लावून बसलं की भिंतींचा जो एक आवाज येतो, तो होता. मग फोनची रिंग. इथे वाजणारी नव्हे, आपण कुणाला फोन लावला की आपल्या कानात वाजते ती. ट्रिंग, थांबा, ट्रिंग, थांबा. कुणी उचलला नाही. शेवटी कुणीतरी बारीक श्वास सोडला आणि संपलं.

"कुठलीतरी फाइल चुकून आली असेल," तो स्वतःशी मोठ्याने म्हणाला आणि दिवसाचा पहिला अल्बम लावला.

२

दुसऱ्या दिवशी आकडा सहाशे दहा होता. तिसऱ्या दिवशी सहाशे अकरा.

तो काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नव्हता. रोज माणसांच्या जबड्यांचे साचे हाताळणाऱ्याला तसली भीती परवडत नाही. तो घरी गेला, प्लेअर कॉम्प्युटरला जोडला. कॉम्प्युटर म्हणाला, गाणी एकवीस हजार सहाशे आठ. वायर काढली, प्लेअर म्हणाला, सहाशे अकरा. तीनदा जोडून पाहिलं, तीनदा दोघे आपापल्या म्हणण्यावर ठाम राहिले.

तेव्हा तो जुनी यंत्रं दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिककडे गेला. दोन वर्षांपूर्वी ह्याची बॅटरी त्यानेच बदलली होती. मेकॅनिकने मागचं झाकण उघडलं, भिंग डोळ्याला लावलं.

"काका, ह्याच्यात काही शिरायला वाटच नाहीये," तो म्हणाला. "अँटेना नाही, माइक नाही, काही नाही. विहिरीसारखं आहे हे. वरून तुम्ही टाकाल तेच आत."

"मग आकडा वाढतो कसा?"

"वय झालं की मोजण्यात चुका व्हायच्याच." मेकॅनिक हसला. "ह्याचं वय म्हणतोय मी, तुमचं नाही."

तोही हसला. मेकॅनिकने हेडफोन कानाला लावून तळची ओळ वाजवली आणि त्याचं हसू जरा रेंगाळून गेलं. "हे तुम्हीच रेकॉर्ड केलंय का?" त्याने विचारलं. "कुणीतरी फोन लावतंय बघा. बिचारीला दम लागलाय."

"बिचारी कशावरून?"

"बाईमाणूसच वाटतं." मेकॅनिकने खांदे उडवले आणि झाकण लावून प्लेअर परत दिला.

३

चौथं ध्वनिमुद्रण एक मिनिट दहा सेकंदांचं होतं. रिंग वाजत असताना मागे फ्रिज सुरू झाला. धाडकन एक हादरा, मग खडखड, खडखड, आणि हळूहळू खडखड विरत गेली, कारण त्याच्या एका पायाखाली दुमडलेला पुठ्ठा होता.

तो पुठ्ठा त्याने स्वतः घातला होता. ताईच्या स्वयंपाकघरात, गुडघ्यांवर बसून. आणि ती वरून म्हणत होती, "दात बसवतोस तसा बसव, हलायला नको."

त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

आठ महिन्यांपूर्वीच्या त्या दुपारी तो एका शाळामास्तरांचे वरचे पुढचे सहा दात बसवत होता. सगळ्या कामात हे सर्वांत नाजूक, कारण माणूस हसला की तेच दिसतात. कानावर मोठे हेडफोन, अल्बम नुकता सुरू झालेला, आवडता, एक तास दहा मिनिटांचा. फोन नेहमीप्रमाणे ड्रॉवरमध्ये. प्लास्टरच्या धुळीने एक फोन मेला होता, तेव्हापासून तो फोनला तिथेच कोंडायचा. मेण कापायची सुरी घ्यायला त्याने ड्रॉवर उघडला, तेव्हा फोन थरथरत होता आणि त्यावर 'ताई' अशी अक्षरं होती.

ताईचा फोन म्हणजे तासाची निश्चिंती. शेजारणीपासून गुडघ्यांपर्यंत सगळं यायचं. त्याच्या मनात आलं, हा अल्बम संपला की करतो. त्याने सुरी घेतली आणि ड्रॉवर लावला.

अल्बम संपल्यावर त्याने फोन पाहिला, तेव्हा अकरा मिस्ड कॉल होते. त्याने उलट लावला तो कुणी उचलला नाही. संध्याकाळी भाची कामावरून घरी आली, तेव्हा तिची आई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलेली होती, फोन मांडीत. डॉक्टर म्हणाले, वेळेवर कुणी पोचलं असतं तर सांगता येत नाही, कदाचित.

"मामा, तुला किती फोन केले तिने!" भाची त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली होती.

"फोन खाली दवाखान्यात राहिला होता गं," तो म्हणाला. "चार्जिंगला लावलेला." ते त्याच्या तोंडून इतकं सहज निघालं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. त्याच रात्री त्याने त्या अकरा कॉलची नोंद फोनमधून पुसून टाकली. कुणी बघेल म्हणून नव्हे. त्यालाच ती बघवत नव्हती.

आता त्याला समजलं, अजून किती यायची आहेत.

४

रोज सकाळी एक. पाचवं, सहावं, सातवं.

ही ध्वनिमुद्रणं तो कामाला बसण्याआधी, उभ्यानेच ऐकायचा. सहाव्यात खुर्ची ओढल्याचा आवाज होता. सातव्यात नळ सुटला, भांडं पडलं, आणि ताई जिभेने 'च्च' म्हणाली. तो 'च्च' त्याने लहानपणापासून ऐकला होता. तो काहीतरी सांडायचा, ती 'च्च' करायची आणि पुसून घ्यायची. आठव्यात ती खाली बसली होती, कारण फ्रिजची खडखड आता तिच्या कानापाशी आली होती. रिंग वाजत राहायची आणि रिंगच्या मधल्या जागांत तिचा श्वास. ती कधी काही बोलली नाही. कोण बोलणार, समोर कुणी नसताना.

डिस्क पुसून टाकणं त्याच्या हातात होतं. दोन बटणं एकदम दाबायची, 'हो' म्हणायचं, की एकवीस हजार गाण्यांसकट सगळं स्वच्छ. दोनदा त्याने बोटं तिथवर नेलीही. पण ताई तिथे होती. आठ महिन्यांत तिचा श्वास ऐकायला मिळेल असं जगात दुसरं ठिकाण नव्हतं, आणि तो पुसायचा म्हणजे दुसऱ्यांदा ड्रॉवर लावण्यासारखं होतं.

कामाचं मात्र वाटोळं झालं. डॉक्टरीणबाई एक कवळी हातात धरून स्वतः वर आल्या.

"मामा, हे बघा. डावा सुळा उजवीकडे आणि उजवा डावीकडे. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. बरं नाही का तुम्हाला?"

"झोप होत नाही," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं.

"गाणी ऐकणंही बंद केलंत वाटतं? जिन्यात तुमचं गुणगुणणं ऐकू येत नाही हल्ली."

त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. भिंतीवरच्या आकड्यातलं एकही गाणं त्याने चार दिवसांत लावलं नव्हतं.

गुरुवारी भाची आली. दर गुरुवारी तिच्या चष्म्याच्या दुकानाला सुट्टी असायची आणि ती दोघांचा डबा घेऊन यायची. आई गेल्यापासून तिला तो आणि त्याला ती, एवढंच उरलं होतं. तिच्यासाठी त्याचा फोन आता टेबलावर उताणा असायचा, आवाज पूर्ण मोठा, धूळ बसली तरी बेहत्तर. ती त्यावर कौतुकाने म्हणायची, "सुधारलास हं मामा." दर वेळी तो घाईने डबा उघडायला घ्यायचा.

आज सांगू, असं त्याने ठरवलं होतं. जेवताना तिने विचारलं, "मामा, आईने त्या दिवशी कशाला फोन केले असतील रे इतके? काय सांगायचं असेल तिला?"

"कुणास ठाऊक," तो म्हणाला, आणि तिच्या ताटात आपल्यातली भाजी वाढली. डबा संपला, ती गेली, आणि सांगायचं राहिलंच.

५

अकरावं आलं त्या सकाळी पडद्यावर आकडा होता एकवीस हजार सहाशे एकोणीस. लांबी अडतीस सेकंद नव्हती, दीड मिनिटही नव्हती. एक तास दहा मिनिटं होती.

त्याने खोलीचं दार आतून लावलं. खुर्चीवर बसला. हेडफोन घातले.

रिंग वाजली. एकदा, दोनदा, तीनदा. फ्रिज खडखडून थांबला होता, त्यामुळे श्वास अगदी स्वच्छ ऐकू येत होता. चौथी रिंग अर्ध्यात तुटली.

"हं ताई, बोल."

तो आवाज त्याचाच होता.

आपला आवाज माणसाला पटकन ओळखू येत नाही म्हणतात. त्याला आला. त्या आवाजामागे स्पिरिटच्या दिव्याची सुरसुर होती, खिडकीतून येणारा रस्त्याचा गलका होता, ह्याच खुर्चीची करकर होती.

"होतास का रे?" ताई म्हणाली. धाप लागल्यामुळे शब्द तुटत होते. "मला वाटलं, कामात असशील."

"असू दे काम. काय झालं?"

"काही नाही रे. उगाच जरा घाबरल्यासारखं झालं. एकटीच आहे ना."

"डॉक्टरांना पाठवू का?"

"नको रे. तू बोल फक्त."

"बरं. भिंतीला टेकून बस. पाय पसर. फोन ठेवू नकोस, मी आहे."

आणि तो बोलत राहिला. मास्तरांच्या दातांबद्दल बोलला, लहानपणी दोघांनी मिळून फोडलेल्या बरणीबद्दल बोलला, वडील कॅसेटची फीत पेन्सिलने कशी गुंडाळायचे त्याबद्दल बोलला. ताई एकदा हसली. थकलेलं, पण खरं हसू. खुर्चीत बसलेल्या माणसाने हे काहीच केलं नव्हतं. पण प्रत्येक वाक्य त्याला यायच्या आधी माहीत होतं, कारण त्याने फोन उचलला असता तर तो हेच बोलला असता.

बाराव्या मिनिटाला त्याने हेडफोन ओढून काढले. पुढे ऐकवेना. तो जो कोणी आत होता, त्यानेही तिला वाचवलं नव्हतं. त्याने फक्त फोन उचलला होता. तेवढंच करायचं होतं, आणि त्याला जे जन्मभर बोचणार होतं ते हेच. हेडफोन टेबलावर पडले होते आणि त्यांतून चिलटाएवढा बारीक आवाज येत होता. त्याचाच, संथ, काळजी घेणारा. बंद कर, बंद कर, असं तो स्वतःला सांगत राहिला. पण अल्बम अर्ध्यावर बंद करायची त्याच्या बोटांना सवयच नव्हती.

६

पुढच्या गुरुवारी डॉक्टरीणबाईंनी त्याला खाली बोलावलं. एका आजोबांना कवळी टोचत होती, ती तिथल्या तिथे घासून द्यायची होती. काम दहा मिनिटांचं, पण आजोबांनी जुन्या कवळीची रामकहाणी सुरू केली आणि दीड तास गेला. तो वर आला तेव्हा दार उघडं होतं. टेबलावर डबा होता, न उघडलेला. भाची त्याच्या खुर्चीत बसली होती, डोक्याला हेडफोन, डोळे मिटलेले, गालांवरून पाणी वाहत होतं. आणि ती हसत होती.

त्याने तिच्या खांद्याला हात लावला तेव्हा तिने डोळे उघडले.

"मामा," ती म्हणाली, "तू बोलला होतास आईशी."

"नाही," तो म्हणाला.

"मला का नाही सांगितलंस? मी आठ महिने रोज विचार करते, ती एकटी होती, एकटीच बसली होती..." तिने त्याचे दोन्ही हात घट्ट धरले. "ती एकटी नव्हती रे."

आता नाही तर कधीच नाही, हे त्याला कळलं. तो तिच्यासमोर स्टुलावर बसला.

"नीट ऐक. तो मी नाही. मी फोन उचललाच नाही. फोन खाली राहिला नव्हता, ह्या ड्रॉवरमध्ये होता. मी तिचं नाव पाहिलं आणि ड्रॉवर लावला. मला माझा अल्बम पुरा करायचा होता. तिने अकरा वेळा केला. मी एकदाही घेतला नाही."

बोलून झाल्यावर त्याला वाटलं, आता ती उठेल, थोबाडीत देईल, निदान हात तरी सोडेल. तसं झालं असतं तर त्याने ते आनंदाने घेतलं असतं.

ती त्याच्याकडे मायेने बघत होती. आजारी माणसाकडे बघतात तसं.

"मामा, स्वतःला इतकं टाकून बोलू नकोस," ती म्हणाली. "डॉक्टरला पाठवलं नाहीस म्हणून खातंय ना तुला? तिनेच नको म्हटलं. मी ऐकलंय. मी असते तरी तिने नकोच म्हटलं असतं."

"अगं, माझ्या फोनवर अकरा मिस्ड कॉल होते!"

"दाखव."

त्याने फोन उचलला आणि तसाच खाली ठेवला. दाखवण्यासारखं त्यात काहीच उरलं नव्हतं, त्यानेच पुसलं होतं.

"दहा असतील," ती समजुतीने म्हणाली. "अकरावा लागला." मग जरा थांबून, "पुढचं ऐकलंस तू? शेवटचं? तू तिला माझ्याबद्दल सांगतोस. मी कशी कामाला लागले, कशी आता एकटी राहू शकते. ती म्हणते, मग झालं तर. आणि मग नुसता श्वास. तू तरीही बोलतोयस."

"तो मी नाही गं," तो म्हणाला.

"मला दे ना हा. थोडे दिवस. परत आणून देते."

तो काही बोलायच्या आत तिने प्लेअर पर्समध्ये टाकला, वायर बाहेर ठेवून हेडफोन पुन्हा डोक्यावर चढवले, आणि वाकून त्याच्या पाया पडली. कधी पडायची नाही ती. आज पडली. त्याचे पाय मागे सरकले ते तिला दिसलं नाही.

ती जिना उतरायला लागली. तो कठड्यापाशी येऊन उभा राहिला.

"थांब," तो म्हणाला. मग मोठ्याने, "अगं थांब, जेवून तरी जा!"

तिला ऐकू गेलं नाही. मधल्या वळणावर ती थांबली, हेडफोन हाताने कानाशी दाबला आणि मान किंचित तिरकी करून ऐकत राहिली. तिचा चेहरा उजळला. आठ महिन्यांत त्याने तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

"हो मामा," ती म्हणाली. "नाही, अजून नाही जेवले. घरी जाऊन जेवते."

तो कठड्याला धरून उभा होता. जेवलीस का, असं त्याने विचारलंच नव्हतं.

"कोण, तो?" तिने एकदा वर पाहिलं, ओझरतं. "असू दे. तू बोल ना."